सतराव्या मुलीचा पगार

माझ्या नणंदेला घरात आणि गल्लीत सगळे चौकशी म्हणतात. पाच वर्षांची होती तेव्हापासून दारावर येणाऱ्या माणसाला ती उंबऱ्यातच धरायची. तुम्ही कुठून आलात, घरी कोण कोण असतं, हे काम कंटाळवाणं नाही का वाटत. मीटर बघायला येणारा गृहस्थ एकदा माझ्या सासूबाईंना म्हणाला होता, "ताई, नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा मला इतकं विचारलं नव्हतं हो."

त्यामुळे बारावीनंतर तिनं समाजशास्त्र घ्यायचं म्हटलं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते फीचा कागद आल्यावर. मोठ्या शहरातलं मुलींचं नामांकित कॉलेज, त्याची फी, वसतिगृह, खानावळ, तीन वर्षांचे मिळून चार लाख ऐंशी हजार.

"समाज बघायला एवढे पैसे?" सासूबाई म्हणाल्या. "जिन्यात उभी राहा. फुकट दिसेल."

"जिन्यातला पाठ झालाय, आई," चौकशी म्हणाली.

पैसे कर्जानंच उभे राहणार होते, आणि कर्जाला जामीन म्हणून सासऱ्यांची सही लागणार होती. नुसती सही नव्हे. एवढ्या रकमेला तारण लागतं, आणि आमच्याकडे तारण ठेवण्यासारखी एकच गोष्ट, रस्त्याकडची पुढची खोली, म्हणजे बाबांचं शिवणकामाचं दुकान. जागा नक्की करायला कॉलेजनं पाच आठवडे दिले होते.

हिशेब करायचं काम माझ्याकडे आलं. बाळंतपणाची रजा घेण्याआधी मी पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर होते, आणि अजूनही व्याजाचे आकडे मला तोंडपाठ आहेत. पिल्लू तेव्हा आठ महिन्यांचं. त्याच्या दोन झोपांच्या मध्ये मी वहीचं एक पान भरलं. शिकताना व्याज चढत राहणार, म्हणजे फेडायला सुरुवात होईपर्यंत चार ऐंशीचे सहा लाख. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सात हजार नऊशे एकोणतीस. एकूण साडेनऊ लाख. तेवढ्यात पिल्लू उठलं आणि त्यानं पानाचा कोपरा चावून ओला केला. त्यालाही आकडा पचला नसावा.

"वहिनी, पण पगार किती मिळेल ते बघा ना," चौकशीनं कॉलेजचं माहितीपत्रक पुढं केलं. समाजशास्त्राच्या पदवीधर मुलींचा सरासरी पगार, महिना बत्तीस हजार. शेजारी हसणाऱ्या मुलीचा फोटो.

बत्तीस हजारांत आठ हजार म्हणजे चौथा हिस्सा. आमच्या पतसंस्थेत हप्ता चौथ्या हिश्श्याच्या वर गेला की साहेब फाइलीला लाल टाचणी लावायचे. हे बरोबर काठावर बसत होतं. मी मनातून नाही म्हणायला कारण शोधत होते, हे कबूल करते. त्या टेबलावर बसून मी फार लोकांना हप्ता चुकल्याचे फोन केले आहेत. त्यात शिकलेली पोरं पुष्कळ असायची.

कागद बाबांकडे गेला. बाबा शर्ट-पँटचे शिंपी. त्यांचा धंद्यातला एकच कडक नियम आहे, दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर कात्री चालवायची नाही. गिऱ्हाईक जुनं माप लिहून आणतं, भावाच्या हातून चिठ्ठी पाठवतं. बाबा चिठ्ठी बाजूला ठेवतात आणि म्हणतात, माणूस पाठवा. त्यांनी चष्मा वर करून पत्रक वाचलं.

"हे माप कुणी घेतलं?"

"कॉलेजनं."

"म्हणजे ज्याला कापड विकायचंय त्यानंच. आणि सरासरी म्हणजे काय गं? माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या कॉलरची सरासरी काढून शर्ट शिवले तर एकाच्याही गळ्याला बसायचे नाहीत."

"मग मी काय करू?"

"टेप घे आणि जा. स्वतः मोज. मग बोलू."

त्यांना वाटलं असेल, पोरगी चार दिवस रुसेल आणि विषय मिटेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण चौकशीच्या डोळ्यांत आलेली चमक मी बघितली आणि मला तिची थोडी भीतीच वाटली.

चार वर्षांपूर्वी त्या कॉलेजातून समाजशास्त्र घेऊन बाहेर पडलेल्या बेचाळीस मुलींची यादी तिनं कॉलेजच्याच वार्षिक अंकातून काढली. एकीचा नंबर मिळाला, तिच्याकडून तिघींचा, तिघींकडून बाकीच्यांचा. वहीत रकाने आखले. काय करता, किती मिळतं, कर्ज होतं का, किती उरलंय. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना ती कापडाच्या ठाणांवर पाठ टेकून फोन लावायची. माझा समज होता की पगार कोण सांगेल. पण ती आधी इतकं मनापासून दुसरंच विचारायची, त्या मुलींची खोली कशी आहे, साहेब ओरडतो का, की पगार त्या आपणहून सांगायच्या. एकीनं तर साहेबाचाही सांगितला.

दहा दिवसांत एकोणीस जणी झाल्या. सरासरी सत्तावीस हजार. पत्रकापेक्षा कमी, पण अगदीच वाईट नाही. ती वही घेऊन बाबांकडे गेली तेव्हा बाबा काज करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बेचाळीसातल्या एकोणीस. बाकीच्या तेवीस?"

"फोन उचलत नाहीत, बाबा. दोनदा-तीनदा केला."

बाबांनी सुई कापडात टोचून ठेवली. "दुकान नवीन होतं तेव्हा मला वाटायचं, माझं शिवण सगळ्यांना बसतं. कारण परत येणारा प्रत्येक जण खूश असायचा. मग तुझी आजी म्हणाली, ज्याचा शर्ट बिघडला तो परत कशाला येईल, तो दुसऱ्या शिंप्याकडे जाईल. मी न आलेल्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा. लाज वाटली, पण गेलो. खांदे उतरते कापायची माझी सवय तिथं कळली."

मी दाराशी पिल्लाला थोपटत उभी होते. त्या तेवीस जणी फोन का उचलत नव्हत्या हे मला माहीत होतं. मीच शिकवलं होतं लोकांना. हप्ता थकलेला माणूस अनोळखी नंबर उचलत नाही. आमच्या टेबलावरून फोन गेला की पलीकडे वाजून वाजून बंद व्हायचा, आणि आम्ही रजिस्टरात लिहायचो, संपर्क होत नाही.

"वसुलीवाली समजतात तुला," मी म्हणाले.

ती हळूच म्हणाली, "म्हणजे ज्यांना विचारायला हवं त्याच नेमक्या गळतायत."

दुसऱ्या दिवशी तिनं फोन बाजूला ठेवले. घरी जायचं ठरवलं. पण पोरगी वही घेऊन दारात उभी राहिली तरी लोकांना वसुलीचाच वास येणार. म्हणून ती माझ्याकडे आली. "वहिनी, पिल्लू द्याल?"

"पिल्लू काय भाड्यानं देऊ?"

"त्याच्याबरोबर तुम्हीही या. कडेवर बाळ घेतलेल्या बाईला कुणी घाबरत नाही."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "वसुलीला आता तान्हं पोर नेणार." पण पिशवीत दुपटी त्यांनीच भरली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मला कधी रविवारी असं बाहेर नेलं नाहीस." एकदा तोही आला आणि बसस्टॉपवर दोन तास पिल्लाला खेळवत बसला.

त्या तीन आठवड्यांत मी जितक्या जिन्यांच्या पायऱ्या चढले तितक्या आधी कधी चढले नव्हते. पिल्लू बसमध्ये झोपायचं, दारात जागं व्हायचं आणि दार उघडणाऱ्या बाईकडे दोन दात दाखवून हसायचं. दार मग पूर्ण उघडायचं. एक मुलगी दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर होती. एक घरी दोन मुलं सांभाळत होती आणि म्हणाली, माझा रकाना शून्य लिही, पण शेजारी लिही की दिवस चौदा तासांचा. चौकशीनं ते लिहिलं. माझ्याकडे बघून लिहिलं.

सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती कपबश्यांच्या दुकानातली. पंचवीसेक वर्षांची असेल. वर्तमानपत्राचा कागद कपात कोंबायचा, बाहेरून गुंडाळायचा, कानाला वेगळी घडी घालायची, हे ती न बघता करत होती. आधी तिनं ओळखच दिली नाही. दुकानात गर्दी होती. आम्ही एका बाजूला थांबलो. चौकशीनं तिला एकच विचारलं, "हल्ली लोक सहाचा संच घेतात की सुटे कप?"

तिचा हात थांबला. "सुटे," ती म्हणाली. "दोन वर्षांत सुटे घेणारे दुप्पट झालेत. एक कप, एक बशी. आणि वयस्कर नाहीत, तरुण. मी तारखेसकट लिहून ठेवते." तिनं गल्ल्याखालून एक वही काढली. पाठकोऱ्या बिलांची शिवलेली वही, आणि त्यात ओळीनं आकडे. चौकशी त्या वहीकडे असं बघत होती जसं पिल्लू माझ्याकडे बघतं, भूक लागल्यावर.

पगार चौदा हजार. हप्ता साडेसहा हजार, त्यातले तीन आई देते. फोन उचलायचा तिनं दीड वर्षापूर्वीच सोडला.

"पश्चात्ताप होतो का?" चौकशीनं विचारलं. हा प्रश्न तिनं आधी कुणाला विचारला नव्हता.

तिनं कप गुंडाळून खोक्यात ठेवला. "शिकल्याचा नाही. कर्जाचा होतो. दोन रकाने कर, एकात घालू नकोस."

परतीच्या बसमध्ये चौकशीनं वहीत एक उभी रेघ मारली आणि रकान्याचे दोन केले. पिल्लू माझ्या खांद्यावर झोपलं होतं. मी तिच्याकडे बघत होते. अठरा वर्षांची पोर, नाकावर उन्हाचा चट्टा, चपलेचा अंगठा शिवलेला. तिला हवं ते मिळायला मोठा आकडा हवा होता, आणि ती घरोघर हिंडून छोटे आकडे गोळा करत होती. मी टेबलावर बसून इतकी वर्षं कर्ज मागणारे बघितले. स्वतःच्या अर्जाविरुद्ध पुरावा जमवणारं कुणी बघितलं नव्हतं.

पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला तेहेतीस जणी झाल्या होत्या. उरलेल्या नऊ सापडल्या नाहीत, तेही तिनं लिहिलं. आम्ही सगळे दुकानात जमलो, कारण कापायचं टेबल तिथलंच मोठं. तिनं सरासरी काढली नाही. तेहेतीस चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर एक पगार, आणि कमीपासून जास्तीपर्यंत टेबलावर ओळीनं मांडल्या. एका टोकाला शून्याच्या पाच चिठ्ठ्या होत्या. दुसऱ्या टोकाला एक लाख दहा हजार, ही एकटीच सगळ्यांची सरासरी उचलून धरत होती. मग तिनं दोन्हीकडून बोटं सरकवत आणली आणि मधल्या चिठ्ठीवर ठेवली. सतरावी. अठरा हजार.

"हे माप आहे, बाबा. सोळा जणी हिच्या वर, सोळा हिच्या खाली. आठ हजारांचा हप्ता हिला झेपणार नाही." तिचा आवाज सरळ होता. "माझ्याच हिशेबानं उत्तर नाही असं येतंय."

सासूबाईंनी पदरानं पिल्लाचं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ. बाबा ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. प्रत्येक चिठ्ठी वाचली. मग ड्रॉवर उघडून त्यांनी दुकानाचे कागद बाहेर काढले.

"आण तो अर्ज. करतो सही. सगळ्या रकमेची."

मी दचकले. चौकशीही.

"बाबा, तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं. जी पोर स्वतःच्या गैरसोयीचा आकडा शोधायला महिनाभर पायपीट करते ती मधे राहत नाही. ती या टोकाला जाते." त्यांनी एक लाख दहा हजारांच्या चिठ्ठीवर बोट टेकवलं. "मी दुकान लावतो तिच्यावर."

मला वाटलं, झालं. कुठलीही मुलगी या क्षणी बापाच्या गळ्यात पडली असती. मी तर पडलेच असते. चौकशीनं मधली चिठ्ठी उचलून हातात घेतली.

"बाबा, सतरावी मुलगीही हुशार आहे. मी तिला भेटलेय. चौदा हजारवाली तर माझ्यापेक्षा हुशार आहे, वहिनींना विचारा. त्यांच्याही घरी कुणीतरी हेच म्हणालं असेल, आमची मधे राहायची नाही." तिनं दुकानाचे कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवले आणि ड्रॉवर लोटला. "मी हिच्या मापानं कर्ज घेते. तेवढ्यात जे बसेल ते शिकते."

तिनं ते आधीच मोजून ठेवलं होतं. बसनं पाऊण तासावर एक साधं कॉलेज, विषय तोच, वेळ सकाळची. दुपारी घरी येऊन दुकानात तुरपाई आणि बटणं, त्यातून तिच्या पुस्तकांचं आणि बसचं निघेल. तिथून शिकून गेलेल्या नऊ जणींना ती आधीच्या आठवड्यात गाठून आली होती, मला पत्ता न लागू देता. मधलीचा पगार सतरा हजार आठशे. दोनशेचा फरक. वर्षाला बहात्तर हजार घेतले तर फेडायच्या वेळी दोन लाख सत्तर, हप्ता तीन हजार पाचशे अडुसष्ट. मी वही ओढून घेऊन पुन्हा गुणाकार केला. एका पैशाची चूक नव्हती. पगाराचा पाचवा हिस्सा, आणि एवढ्या रकमेला तारण लागत नाही, नुसती सही पुरते.

बाबांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. "मोठं कॉलेज हवं होतं ना तुला?"

"हवंच होतं," ती म्हणाली. "अजूनही हवंय."

पतसंस्थेत माझ्या टेबलावर आता नवा कारकून बसतो. त्यानं माझ्याकडे बघून हसून अर्ज तपासला आणि एका रकान्यावर पेन आपटलं. शिक्षणानंतर अपेक्षित मासिक उत्पन्न. तिथं चौकशीनं लिहिलं होतं, सतरा हजार आठशे.

"अहो, इथं सगळे पत्रकातला आकडा लिहितात. तीस-पस्तीस टाका. एवढ्या कमीवर साहेब अर्ज परत पाठवतील."

"परत आला तर?" मी विचारलं.

"मग पुढच्या महिन्याच्या बैठकीत. तोवर त्या कॉलेजचे प्रवेश बंद होतील."

मी चौकशीकडे बघितलं. मोठं कॉलेज तिनं स्वतः सोडलं होतं, आता साधंही हातचं जायची वेळ आली होती. मला वाटत होतं, लिही गं बाई, एका आकड्यानं कुणाचं काय जातं. ती म्हणाली, "तीस लिहिलं तर ते खोटं होईल. साहेबांना भेटता येईल का?"

साहेब मला ओळखत होते, म्हणून आम्हाला बसायला मिळालं; जामीन म्हणून बाबाही बरोबर आले होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "या रकान्यात इतका कमी आकडा मी पहिल्यांदा बघतोय."

"खराही पहिल्यांदाच बघत असाल," चौकशी म्हणाली. बाबांनी खोकल्याचं निमित्त केलं.

साहेबांनी वही मागितली. पाच मिनिटं म्हणून घेतली आणि अर्धा तास वाचत बसले. मधे चहा आला, गार झाला. संपर्क होत नाही या शेऱ्याचं खरं कारण जिथं लिहिलं होतं त्या पानावर ते थांबले, मग माझ्याकडे बघितलं आणि मी नजर पिल्लाकडे वळवली. शेवटी त्यांनी अर्जावर सही केली आणि जामीनदाराच्या जागी फुली मारून कागद बाबांकडे सरकवला. बाबांनी बाही वर सारली, खाली लहान मुलासारखं नाव काढलं, आणि पेन परत करताना म्हणाले, "हिच्या वहीची एक नक्कल तुमच्याकडे ठेवा. उद्या दुसरी कुणाची पोर येईल."

घरी आल्यावर एक फोन उरला होता. मोठ्या कॉलेजला जागा सोडत असल्याचं कळवायचं होतं. चौकशी दुकानातल्या स्टुलावर बसली, मी तिच्या शेजारी. पिल्लू तिच्या मांडीवर चढून तिची वेणी ओढत होतं. पलीकडची बाई काहीतरी नियम सांगत होती, चौकशी हो हो म्हणत होती, आणि तिच्या हनुवटीवरून पाणी पिल्लाच्या टाळूवर पडत होतं. पिल्लानं वर बघितलं. तिनं डोळे पुसले, घसा साफ केला.

"एक विचारू?" ती फोनमध्ये म्हणाली. "माझ्या जागी यादीतली पुढची मुलगी येईल ना? तिला आजच कळवाल का? पैशांची जमवाजमव करायला तिला वेळ लागेल."

पलीकडची बाई आजच कळवते म्हणाली असावी, कारण चौकशीनं वही ओढून घेतली.

"हो, सांगा," ती म्हणाली. "माझा नंबर तिला द्या. माझ्याकडे बेचाळीस जणींची माहिती आहे, म्हणजे तेहेतीस जणींची. सही करण्याआधी तिनं एकदा बघावी."